आधी आडनाव सांगा!

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. तक्रारपेटी उघडली तर आत एकच चिठ्ठी होती, तीन ओळींची, खाली सही नाही. ‘गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली? धुतल्याचं बिल कुठे आहे? आमच्या मजल्यावर दोन मुलांना कावीळ झाली आहे.’ सेक्रेटरींनी ती मोठ्याने वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि सभेला विचारलं, “कोणी लिहिलीय?”

पुढची चाळीस मिनिटं त्यात गेली. चिठ्ठी हातोहात फिरली. एकाने ‘ळ’ काढायची पद्धत ओळखली, दुसऱ्याने कागद कोणत्या वहीतला ते सांगितलं. तिसऱ्याने निर्णय दिला की हे भाडेकरूंपैकीच कुणाचं तरी काम आहे. मग चेअरमन म्हणाले, “निनावी चिठ्ठीला उत्तर द्यायची आपल्याकडे प्रथा नाही. हिंमत असेल तर समोर या. पुढचा विषय, पार्किंग.”

आणि टाकी? ती कधी धुतली?

हे कुणीच सांगितलं नाही. तारीख आणि बिल, एवढंच मागितलं होतं. दोन्ही गोष्टी सेक्रेटरींच्या फाइलमध्ये असतील किंवा नसतील, पण त्या सांगायला चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव कशाला लागतं? नावावरून टाकीतलं पाणी स्वच्छ होतं की गढूळ होतं?

‘बोलायचं तर नाव लावून बोला’ ही मागणी हल्ली चहूकडून ऐकू येते. सभेत, पेपरात, फोनवरच्या ग्रुपात. मतासमोर माणसाचं खरं नाव हवं, त्याची पत किती तीही दिसायला हवी, म्हणजे चर्चा सुधारेल, असं चांगले शिकलेले लोक सांगतात. मला हे साफ नामंजूर आहे. नाव पाहून मत जोखायची आपली सवय जुनी आहे. आपल्या भाषेने तिला केव्हाच शब्द दिले आहेत : नावडतीचं मीठ अळणी. मीठ तेच असतं. कुणी घातलं ते कळलं की चव बदलते.

२६ जून १८८५. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर एक पत्र छापून आलं. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. लहानपणी लग्न लावून दिल्यामुळे मुलीचं शिक्षण कसं तुटतं, तिचं मन आणि शरीर कसं कोमेजतं, हे त्यात एका बाईने इंग्रजीत, मुद्देसूद मांडलं होतं. मुंबईत खळबळ माजली. १९ सप्टेंबरला दुसरं पत्र आलं, सक्तीच्या वैधव्याबद्दल. लोक वाद घालत होते तो पत्रातल्या मजकुराशी : लग्नाचं वय, शास्त्र, सरकारने यात पडावं की नाही.

पत्र लिहिणारी होती रखमाबाई. तेव्हा तिला एकवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. अकराव्या वर्षी तिचं लग्न लावलेलं आणि ती नवऱ्याकडे नांदायला जात नव्हती म्हणून त्या दादाजी भिकाजीने मुंबई उच्च न्यायालयात दावा ठोकलेला. दुसरं पत्र छापून आलं त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तारखा शेजारी ठेवून पाहा. एकीकडे न्यायालयाच्या कागदावर तिचं नाव आहे, दुसरीकडे वर्तमानपत्रात तिचं म्हणणं आहे, आणि या दोहोंत फक्त ‘एक हिंदू स्त्री’ हे तीन शब्द उभे आहेत. त्या पत्राखाली ‘रखमाबाई’ असं छापलं असतं तर वाचकाने पहिल्याच ओळीवर पान उलटलं असतं : हां, ही ती कज्ज्यातली बाई, हिला असंच वाटणार!

माझा हा तर्क हवेतला नाही. तिची ओळख उघड झाल्यावर नेमकं तेच घडलं. बालविवाहाचा प्रश्न मागे पडला आणि लोक तिच्या घरात शिरले. आईने विधवा झाल्यावर दुसरं लग्न केलं होतं, ते बाहेर काढलं. वडिलांकडून तिला मिळकत आली होती, तेव्हा हा सगळा खटाटोप इस्टेटीसाठीच, असं बोललं गेलं. इंग्रजी शिक्षणाने मुली अशाच बिघडतात, हेही झालं. पुण्याची वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडली, टिळकांची लेखणीही त्यात होती. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभं राहिलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती लंडनला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत, राजकोटच्या बायकांवर कित्येक वर्षं उपचार करत राहिली.

एवढ्या धैर्याच्या बाईने पहिलं पत्र नाव झाकून लिहिलं. आता सांगा मला, की नाव न लावणारा भ्याड असतो.

त्याच काळातली उलट गोष्टही आहे आणि ती मला फार लागते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ नावानिशी छापलं. पुरुषांनी बायकांवर लावलेले सगळे आरोप एकेक उचलून पुरुषांच्याच पदरात टाकले. टीका अशी अंगावर आली की जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. एवढी धारदार लेखणी, आणि आपल्याकडे तिचं एकच पातळ पुस्तक शिल्लक आहे. नाव लावण्याची किंमत मोजायचीच असेल तर ती इथून मोजायला घ्या.

आता आजचं घ्या. खरं नाव दाखवा म्हणजे काय दाखवा? महाराष्ट्रात खरं नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव आलं की त्यामागून जात, धर्म, जिल्हा, कधीकधी बापजाद्यांचा धंदा, सगळी वरात येते. आडनावावरून नीट उलगडा झाला नाही तर दुसरा प्रश्न तयारच असतो. “पाटील? म्हणजे कुठले पाटील?” हा प्रश्न विचारणाऱ्याला गावाच्या पत्त्याशी काही देणंघेणं नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही.

आरक्षणावर कुणी चार ओळी लिहू द्या. वाचणारा आधी आडनाव बघतो, मग ओळी वाचतो, आणि पुष्कळदा ओळी वाचतच नाही, कारण आडनावाने त्याचं काम भागलेलं असतं. आपल्यातला असेल तर बरोबर, त्यांच्यातला असेल तर डाव. आडनाव तांबोळी किंवा मुलाणी असेल आणि विषय ज्ञानेश्वरीचा असेल, तर त्या माणसाने ओवीचा अर्थ कितीही नेमका सांगितला तरी पहिलं उत्तर काय येतं ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही ते वाचलेलं आहे. उसाच्या पाण्यावर बोलणारा मराठवाड्याचा की सांगली-कोल्हापूरचा, हेही नाव-गाव पाहूनच ठरतं. धरणातला साठा किती, उसाला पाणी किती लागतं, हे आकडे कुणी विचारत नाही.

ज्यांची आडनावं वजनदार आहेत त्यांना यात काही वावगं दिसत नाही, यात नवल नाही. त्यांना आडनाव लावल्याने आयुष्यात कधी तोटा झालेला नसतो. मुंबईत भाड्याने घर शोधताना ज्यांना फोनवर आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग ‘घर गेलं’ असं ऐकावं लागलं, त्यांना विचारा.

आणि हे आपल्याला कळत नाही असंही नाही. जिथे खरोखर न्याय हवा असतो तिथे आपण नाव झाकतोच. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर पोराला नाव लिहायची परवानगी नसते. बैठक क्रमांक लिहायचा, बारकोड चिकटवायचा, क्रमांकावर स्टिकर लावायचं. उत्तरात कुठे नाव किंवा ओळखीची खूण आढळली तर तो गैरप्रकार. का? कारण तपासणारे गुरुजी-बाई माणसं आहेत हे बोर्डाला माहीत आहे. ‘कुलकर्णी’ पाहून दोन गुण चढतील, ‘कांबळे’ पाहून दोन उतरतील किंवा उलटं होईल, आणि देणाऱ्याला स्वतःलाही ते कळणार नाही. भूमितीची सिद्धता तपासायला नाव अडचण ठरतं, हे आपण मान्य केलं आहे. मग टाकीच्या बिलाला नाव का लागतं?

“पण नाव लावलं की माणूस सभ्य बोलतो,” असं सांगतात. कुठे बोलतो? ज्या बायका सार्वजनिक विषयांवर लिहितात त्यांना येणाऱ्या शिव्या एकदा वाचा. पूर्ण नाव, फोटो, फोटोत बायको-मुलं, खाली हुद्दा आणि कॉलेज, आणि त्याच्यासमोर बलात्काराची धमकी. त्या माणसाला नाव लपवायची गरजच वाटत नाही, कारण त्याच्या मागे त्याच्यासारखे पन्नास जण उभे आहेत. लाज माणसाला आपल्या माणसांची वाटते. आपलीच माणसं पाठ थोपटत असतील तर नाव छापून काय सुधारणार?

दक्षिण कोरियाने हा प्रयोग देशभर करून पाहिला. इंटरनेटवर छळ झालेल्या काही लोकांच्या आत्महत्यांनी तो देश हादरला होता, त्यामुळे हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये कायदा आला. मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर आधी नागरिक क्रमांक देऊन खरं नाव सिद्ध करायचं. लोकांचे क्रमांक कंपन्यांकडे साठत गेले, आणि २०११ मध्ये चोरांनी एका कंपनीच्या साठ्यातून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती पळवली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. बोलण्याच्या हक्काला कात्री लागली, त्या बदल्यात समाजाला म्हणावं असं काही मिळालं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आपल्याकडे मात्र त्यानंतरही ‘समाजमाध्यमांच्या खात्यांना आधार जोडा’ असे अर्ज घेऊन लोक न्यायालयात गेले.

आणि नाव लावून बोलल्यावर काय होतं ते बघायला कोरियाला कशाला जायचं? पालघर जवळ आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, शहरं बंद झाली. तिथल्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरातून नाही, भीतीतून आहे. मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. दोघींनी स्वतःच्या नावाने. जमाव गोळा झाला, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली, दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली ही अटक झाली ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. कलम गेलं. दवाखान्याचा पत्ता शोधून काढणारी गर्दी कुठे गेली? ती आहे तिथेच आहे, आणि ‘नाव सांगा’ असं म्हणणाऱ्यांत तिचा आवाज सगळ्यांत मोठा आहे.

सत्येंद्र दुबे यांचं स्मरण तर मला दरवर्षी होतं. सुवर्ण चतुष्कोन महामार्गावरचा हा तरुण अभियंता. कामातला भ्रष्टाचार त्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याला गोळी घातली. लुटण्यासाठी हा खून झाला असं न्यायालयात ठरलं. पण नाव झाका म्हणून हात जोडणाऱ्याचं नाव झाकायला कुणीही पाच मिनिटं दिली नाहीत, हे कागदोपत्री सत्य उरलंच. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचा सरकारी ठराव आला तो २००४ मध्ये. दुबे गेल्यावर.

आता ‘पत’ दाखवण्याबद्दल बोलू. मताशेजारी माणसाची पत दाखवा, म्हणजे गुण, तारे, किती लोक मागे आहेत तो आकडा, निळी टिक. पत हा आपल्याकडे बाजारातला शब्द आहे. वाणी उधार देतो तो गिऱ्हाइकाची पत पाहून, आणि ही पत त्या वाण्याच्या वहीत असते, गिऱ्हाइकाच्या कपाळावर गोंदलेली नसते. शिवाय ती त्या दुकानापुरती असते. किराण्याचे पैसे वेळेवर देणारा माणूस औषधाबद्दल बरोबर बोलेल असं कुणी धरत नाही. आकड्याने मात्र सगळं एकत्र कालवलं जातं. क्रिकेटवर बोलून पाच लाख लोक जमवलेला माणूस लसीबद्दल बोलतो, आणि त्याच्यासमोर नर्स म्हणून वीस वर्षं लसी टोचलेली बाई शून्य ठरते, कारण तिच्या मागे अठ्ठावीस जण आहेत आणि त्यातले दहा नातेवाईक.

बरं, तो आकडा मिळतो कसा? आपल्या कळपाला आवडेल ते बोलून. एकदा आकडा चढायला लागला की माणूस विचार करून बोलायच्या आधी आकड्याचा विचार करतो. मत बदलणं तर सोडूनच द्यायचं, कारण मत बदललं की माणसं गळतात. आणि ही पत विकतही मिळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने निळी टिक महिन्याला आठ डॉलरला काढली. काही दिवसांतच कुणीतरी पैसे भरून औषध बनवणाऱ्या एलाय लिली कंपनीच्या नावाने खातं काढलं, शेजारी टिक लावली आणि जाहीर केलं की इन्सुलिन आता फुकट. कंपनीला खुलासा करत माफी मागावी लागली. ज्यांना इन्सुलिन परवडत नाही त्यांनी ती ओळ वाचली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्या निळ्या खुणेवर विश्वास ठेवायला लोकांना आपणच शिकवलं होतं.

भाडोत्री टोळ्या, एकाच माणसाची चाळीस खोटी नावं, रात्रीत उगवून सकाळी नाहीसे होणारे शिवराळ, हे सगळं आहे आणि ते घाण आहे. त्यावर उपाय हवाच. पण मुखवटा आणि टोपणनाव यांत फरक आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. पंचवीस वर्षांचा माणूस, समाजाला झोंबणारं बोलत होता. पण आठवड्यामागून आठवडे नाव तेच. मागच्या पत्रात काय म्हणाला होतास, असं त्याला विचारता येत होतं. त्या नावाला पत आली ती शंभरावर पत्रांतून. ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ झाले आणि भल्याभल्या लेखकांना टपल्या मारत राहिले. वाचक त्या नावाला जबाबदार धरत होतेच. आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो तो कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, आणि कुसुमाग्रज हे काही शिरवाडकरांच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे.

म्हणून मला हवं ते एवढंच. माणसाने घेतलेलं नाव एकच असावं, टिकाऊ असावं. तो आधी काय बोलला ते ज्याला शोधायचं त्याला सापडावं. आकडा मात्र मतासमोर लटकवू नये. आणि जिथे हे बोलणं प्रसिद्ध होतं तिथे कुणीतरी एक माणूस नावानिशी उत्तरदायी असावा. ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. १८६७ च्या कायद्यापासून वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापावी लागतात. आजही शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात ती असतात. जून १८९७ मध्ये ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली, सहीच्या जागी भवानी तलवारीची निशाणी. कवीचं नाव नाही. खटला भरला तो टिळकांवर, आणि अठरा महिन्यांची शिक्षा त्यांनी घेतली. रखमाबाईच्या बाबतीत टिळक चुकले असं मी मानतो. पण आपल्या अंकात छापलेल्या शब्दामागे कसं उभं राहायचं, ते त्यांनी दाखवलं. आज कोट्यवधी लोकांचे शब्द छापून पैसा करणाऱ्या कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त भिंत आहोत, लिहिणाऱ्याला धरा. आधी त्यांना शेवटच्या पानावर नाव लिहायला लावा. मग सातवी शिकलेल्या घरकामवालीकडे ओळखपत्र मागा.

आता पुन्हा आमच्या गच्चीवर. सभा संपल्यावर जिन्यात मला एक बाई भेटल्या. भाड्याने राहतात, अकरा महिन्यांचा करार, तो दिवाळीनंतर संपतो. “आमचा ‘ळ’ सगळ्यांसारखाच असतो हो,” एवढंच म्हणाल्या आणि भराभर वर गेल्या. मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला. पहिलं, टाकी धुतल्याची तारीख आणि बिलाची प्रत आठ दिवसांत नोटीस बोर्डावर लावावी. दुसरं, यापुढे तक्रारपेटीतली प्रत्येक चिठ्ठी आधी टाइप करून घ्यावी आणि सभेत टाइप केलेला कागद वाचावा, मूळ चिठ्ठी कुणाच्या हातात देऊ नये. तिसरं, भाडेकरूंच्या तक्रारी मालकांच्या सहीविना घ्याव्यात. खाली माझं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, सही. घर माझ्या मालकीचं आहे. मला कुणी दिवाळीनंतर सामान बांधायला सांगू शकत नाही.